इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडायचं म्हटलं तर पैशांचा हिशोब कसा मांडायचा?

माणगंगाकाठ

नमस्कार मंडळी. माझा भाचा पुण्यात एका खासगी कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीनंतर तो वर्गात बसलेलाच नाही, हे आम्हाला आता कळतंय. दुसऱ्या वर्षाचे दोन विषय अजून राहिलेत आणि तिसऱ्याचं पहिलं सत्र सगळं गेलं. "मामा, मला हे जमत नाही, मी सोडतोय," असं त्याने सरळ सांगितलं. पोरगा उनाड नाही. बागेत छाटणी असो की फवारणी, तो कधी मागे हटलेला नाही.

दाजींची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग आहे. तेल्या रोगाने मागचे हंगाम खाल्ले. २०२३ ला प्रवेश घेतला तेव्हा राष्ट्रीयीकृत बँकेतून शैक्षणिक कर्ज काढलं. मंजुरी ४,८०,००० ची, व्याज १० टक्के, दरवर्षी ऑगस्टमध्ये १,२०,००० थेट कॉलेजला जातात. असे तीन हप्ते गेले. दाजी सहकर्जदार आहेत. उत्पन्नाचा दाखला साडेचार लाखांच्या आतला, म्हणून केंद्राच्या व्याज अनुदानाचा फॉर्मही भरला होता.

आता घरात दोन तट पडलेत. आक्का म्हणते, रखडत का होईना पण डिग्री घे. दाजी म्हणतात, बुडलं तेवढं बुडलं, आणखी घालू नको. गावात कोणी सांगतंय की बँक बागेवर जप्ती आणेल. कोणी म्हणतंय, कॉलेज चौथ्या वर्षाची फी वसूल केल्याशिवाय कागद देणार नाही.

मुलाला नावं ठेवणारे सल्ले कृपया नकोत, ते घरात भरपूर मिळताहेत. मला हिशोब हवा आहे. आज सोडलं तर नक्की काय अंगावर येतं?

---

जुना बँकवाला

माणगंगाकाठ, शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली, म्हणून आधी कर्जाचं बोलतो.

तीन हप्त्यांचे ३,६०,००० झाले. शिकत असताना व्याज सरळ पद्धतीने धरतात. पहिल्या हप्त्याला आता २९ महिने झाले, दुसऱ्याला १७, तिसऱ्याला ५. १,२०,००० वर १० टक्क्यांनी महिन्याला हजार रुपये, म्हणजे २९, १७ आणि ५ मिळून ५१,००० व्याज. एकूण ४,११,००० च्या आसपास. शिक्षण पूर्ण झालं असतं तर अभ्यासक्रमाचा काळ आणि पुढचं एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज अनुदानातून सरकारने भरलं असतं. नियमात स्पष्ट लिहिलंय की अभ्यासक्रम मध्येच सोडला, किंवा शिस्तीच्या वा अभ्यासाच्या कारणावरून काढून टाकलं, तर हे अनुदान मिळत नाही. आतापर्यंत खात्यात अनुदान जमा झालंय का आणि त्याचं पुढे काय होणार, हे शाखेत पासबुक दाखवून विचारा.

४,११,००० ची परतफेड पाच वर्षांत करायची तर महिन्याला साधारण ८,७३०, दहा वर्षांत ५,४३० आणि पंधरा वर्षांत ४,४२०. पंधरा वर्षांचा हप्ता सोपा दिसतो, पण तोवर जवळपास आठ लाख भरले जातात. पाच वर्षांत सव्वापाच लाखांच्या आत सुटका होते. मला विचाराल तर दहा वर्षांचा हप्ता बांधून घ्या आणि बहर चांगला गेला की मध्ये रक्कम भरत जा.

आता जप्ती. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा जमीन तारण घेत नाहीत. मंजुरीपत्र काढून बघा. त्यात बागेचा गट नंबर नसेल तर बँक उठून बाग विकू शकत नाही. तिला दिवाणी कोर्टातून हुकूमनामा आणावा लागतो, आणि त्याच्या कितीतरी आधी तडजोडीची, लोकअदालतीची वेळ येते. खरी इजा वेगळीकडे होते. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, होतं आणि दाजी सहकर्जदार असल्यामुळे त्यांचाही सिबिल पडतो. उद्या ते ट्रॅक्टरला किंवा ठिबकला कर्ज मागायला गेले की काउंटरवर हे कर्ज निघतं. बागाईतदार माणसाची पत अशी गेलेली मी पाहिली आहे, फार वाईट वाटतं.

आणखी एक सांगतो, कारण यात लोक हमखास फसतात. या कर्जाला सरकारी हमी योजनेचं संरक्षण असलं तर "सरकार भरेल" असा समज पसरतो. ती हमी बँकेला आहे, कर्जदाराला नाही. बँकेला तिकडून पैसे आले तरी वसुली चालूच राहते.

---

खडूफळा

मी अभियांत्रिकी कॉलेजात शिकवते. फीबद्दल निश्चिंत राहा. एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानुसार विद्यार्थी कधीही प्रवेश रद्द करू दे, पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही आणि मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या इस्लामिक अकॅडमी खटल्यातही म्हटलं होतं की एका वेळी एका सत्राची किंवा एका वर्षाचीच फी घ्यावी. मूल मध्येच जाईल अशी शंका असेल तर फार तर बाँड किंवा बँक हमी मागता येईल. म्हणून प्रवेशाच्या वेळी असा काही कागद सही करून दिला होता का, ते मात्र तपासा.

चालू वर्षाची फी परत मिळेल अशी आशा धरू नका. ऑगस्टमध्ये भरलेली तिसऱ्या वर्षाची फी गेली असं समजा. अनामत रक्कम परत मिळते, ती सोडू नका.

आता माझा प्रश्न. कॉलेज स्वायत्त आहे का? २०२३ च्या तुकडीला नवीन शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आहे का?

---

माणगंगाकाठ

हो ताई, स्वायत्त आहे. गुणपत्रिकेवर क्रेडिट लिहिलेले आहेत. बाँड वगैरे काही दिलेला नाही.

---

खडूफळा

मग नीट ऐका, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा पैसा इथे आहे.

नवीन धोरणात मधून बाहेर पडण्याची सोय आहे. पहिलं वर्ष पूर्ण केलेल्याला सर्टिफिकेट, दुसरं पूर्ण केलेल्याला पदविका. त्यासाठी तोपर्यंतचे सगळे क्रेडिट, म्हणजे पास झालेल्या विषयांचे श्रेयांक, हातात हवेत आणि वर थोडं कौशल्याचं काम किंवा उन्हाळी अभ्यासक्रम करावा लागतो. तुमच्या भाच्याचे दुसऱ्या वर्षाचे दोनच विषय राहिलेत. आज तो बाहेर पडला तर कागदावर बारावी पास. ते दोन पेपर सोडवून बाहेर पडला तर पदविकाधारक. घर तेच, कर्ज तेच, आणि मुलाच्या हातातला कागद वेगळा.

कॉलेजच्या परीक्षा विभागात जाऊन लेखी विचारा की याच अभ्यासक्रमाला ही सोय लागू आहे का आणि किती जादा क्रेडिट लागतील. ही पदविका तंत्रशिक्षण मंडळाच्या पॉलिटेक्निक डिप्लोम्यासारखी सगळीकडे चालेल असं मी म्हणणार नाही. भरतीच्या जाहिरातीत "मंडळाची पदविका" असं लिहिलं असेल तर अडचण येऊ शकते. पण बारावीपेक्षा ती नक्कीच वर आहे.

मिळवलेले क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या सरकारी ऑनलाइन खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात. भाच्याचं खातं उघडलेलं आहे का आणि कॉलेजने त्यात क्रेडिट चढवलेत का, हे त्याच्याच मोबाईलवर डिजिलॉकर उघडून बघा. पुष्कळ मुलांची खाती आहेत आणि आत काहीच नाही. कॉलेजच्या मागे लागून ते करून घ्या.

---

चाकणकर

मी स्वतः दुसऱ्या वर्षात सोडलं होतं, म्हणून लिहितो. ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे.

तेव्हा मी कोणाला न सांगता गावी आलो. ना अर्ज केला ना नो ड्यूज घेतलं. पुढे मुक्त विद्यापीठात नाव घालायला टीसी हवी म्हणून कॉलेजात गेलो, तर ऑफिसने माझं नाव पटावर असल्याचं दाखवून मधल्या काळाची फी मागितली. बारावीची मूळ गुणपत्रिका त्यांच्याच कपाटात. अर्ज केल्याची पोच माझ्याकडे असती तर त्यांना असं बोलता आलं नसतं. शेवटी एका ओळखीच्या वकिलांनी नोटीस दिल्यावर कागद मिळाले. पण तोवर मी कंपनीच्या गेटवर बारावी पास म्हणूनच लागत होतो.

कंपनीत याचा अर्थ काय होतो ते सांगतो. शिकाऊ उमेदवारांच्या २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन बारावीला ७,०००, पदविकेला ८,००० आणि पदवीला ९,००० असं ठेवलं होतं. हजाराचा फरक लहान वाटेल. पण लाईनवर बारावीवाला ठेकेदाराच्या रजिस्टरला असतो आणि पदविकावाल्याचा अर्ज क्वालिटी, मेंटेनन्स, टूलरूमला चालतो. मला व्हर्नियर, मायक्रोमीटर येत होतं, ड्रॉइंग वाचता येत होतं. सुपरवायझर बोलवून माझ्याकडून मोजमाप करून घ्यायचा आणि रिपोर्टवर सही दुसऱ्याची, कारण माझ्याकडे कागद नाही. हे किती वर्षं सोसायचं?

भाच्याला माझा निरोप द्या. कॉलेज सोड, हरकत नाही. पण पळून जाऊ नको, दारातून बाहेर पड.

---

ओढ्याकाठचा वड

मी आक्कांच्या बाजूचा. बँकवाल्या काकांचाच आकडा घ्या. आज सोडलं तर ४,११,००० देणं. चौथं वर्ष पूर्ण केलं तर मुद्दल ४,८०,००० आणि शिक्षणकाळाचं व्याज सरकार भरणार. म्हणजे फक्त ६९,००० च्या फरकात एकीकडे डिग्री आहे आणि दुसरीकडे काहीच नाही. एवढ्यावर आलेलं सोडायचं कशाला?

---

जुना बँकवाला

वडदादा, गणित बरोबर आहे, पण ते मुलगा वेळेत पास होईल असं धरून केलंय. तिसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र गेलंय. वायडी (इयर डाऊन) लागला तर एक वर्ष वाढतं, खोली, मेस, परीक्षा फी वाढते, आणि मंजूर रकमेच्या वर बँक देईलच असं नाही. त्यातून पुढे तो नापासच होत राहिला तर देणं पाच-साडेपाच लाखांवर जाऊन हात रिकामेच. मुलगा बसणार असेल तर तुमचं म्हणणं मला पटतं. तो बसणार आहे का, हे आपण इथून ठरवू शकत नाही.

---

कोजागिरी

सगळेजण पैशांवर बोलताय, मी पण पैशांवरच बोलते, पण वेगळ्या बाजूने. मुलगा दिवाळीपासून वर्गात नाही, खोलीतच असतो का? जेवतो का, झोपतो का? आमच्या घरात हे झालंय. आम्ही ज्याला कंटाळा म्हणत होतो ते नैराश्य निघालं आणि औषधांनी पोरगी सावरली.

पैशांशी संबंध असा, की वर काकांनी सांगितलेल्या व्याज अनुदानाच्या नियमात एक अपवाद आहे. वैद्यकीय कारणाने शिक्षण सोडावं लागलं आणि संस्थाप्रमुखांना पटतील असे कागद दिले, तर अनुदान मिळू शकतं. तुमच्या बाबतीत तो प्रश्न ५१,००० चा आहे. हे कागद नंतर उभे करता येत नाहीत. आजार असेल तर आधी डॉक्टर, मग कॉलेज सोडण्याचा अर्ज, हाच क्रम ठेवा. आणि तो बोलायला तयार नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर त्याच्या हातात द्या, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

---

माणगंगाकाठ

कोजागिरीताई, झोप लागत नाही असं तो म्हणतो खरं. उद्याच पंढरपूरला डॉक्टरांकडे नेतोय. हे कोणी सांगितलंच नव्हतं, फार आभार.

बाकीच्यांना एक विचारतो. तो म्हणतोय की इंजिनिअरिंग सोडून एमपीएससी करतो. त्याचा मित्र सदाशिव पेठेत राहतो, त्याच्या खोलीवर जागा आहे म्हणे.

---

अभ्यासिका

दादा, हे आधी थांबवा. राज्यसेवेला पदवी लागते. शेवटच्या वर्षाला असलेल्याला पूर्वपरीक्षेचा फॉर्म भरता येतो, पण मुख्य परीक्षेपर्यंत पदवी दाखवावी लागते. तलाठ्यालाही पदवी लागते आणि बँकेच्या क्लार्कलाही. बारावीवर पोलीस शिपाई भरती आहे, केंद्राची स्टाफ सिलेक्शनची बारावी पातळीची परीक्षा आहे, रेल्वेतल्या काही जागा आहेत. मी याच पेठेत राहतो. कॉट, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज हे सगळं दर महिन्याला घरून येतं. कॉलेजची फी वाचली म्हणेपर्यंत तेवढेच पैसे इकडे जातात, आणि डोक्यावर कर्जाचा हप्ता चालू होतो तो वेगळाच.

खरंच परीक्षा द्यायच्या असतील तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करू द्या. ती पदवी आयोगाला चालते. गावी राहून होते, अभ्यास केंद्र जवळच्या कॉलेजात मिळतं आणि फी नेहमीच्या कॉलेजच्या मानाने कितीतरी कमी आहे. बागेचं काम करता करता पदवी मिळेल आणि वयही हातात राहील.

---

दूरदेशी

न्यू जर्सीहून लिहितेय. भाच्याला आज परदेशाचं काही पडलेलं नसेल, पण हा कागद आजच घ्यावा लागतो म्हणून सांगते.

अमेरिकेच्या एच वन बी या नोकरीच्या व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीचं काही लागतं. पदवी अपुरी असेल तर तीन वर्षांचा त्याच क्षेत्रातला अनुभव एक वर्षाच्या कॉलेज शिक्षणाबरोबर धरतात. म्हणजे चार वर्षांच्या पदवीसाठी नुसत्या अनुभवावर बारा वर्षं. दोन वर्षांचं शिक्षण गुणपत्रिकांसह दाखवता आलं तर उरलेल्या दोन वर्षांसाठी सहा. माझ्या टीममधला एक अतिशय हुशार मुलगा पुण्याच्या ऑफिसातच राहिला, बरोबरीचे ऑनसाईट, म्हणजे इकडे, आले. त्याने कॉलेज सोडताना ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, घेतलं नव्हतं आणि नंतर कॉलेजच बंद पडलं. त्या दोन वर्षांचा पुरावा कुठून आणणार?

सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, नापास विषयांसकट, आणि सीलबंद ट्रान्सक्रिप्टच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा. अभ्यासक्रमाची पुस्तिकाही ठेवा. थोडक्या पैशांत होतं.

---

ओढ्याकाठचा वड

दूरदेशी, हे माहीत नव्हतं. आक्कांच्या बाजूचा मी अजूनही आहे, पण दोन पेपर सोडवून पदविका घेण्याचा खडूफळा ताईंचा मार्ग मलाही मान्य आहे. निदान दोन्ही तट एका ओट्यावर बसतील.

---

माणगंगाकाठ

मंडळी, थोडी बातमी देतो.

डॉक्टरांनी औषध चालू केलंय आणि महिनाभराने पुन्हा बोलावलंय. कॉलेज सोडण्याचा निर्णय एवढ्यात घेऊ नका असं ते म्हणाले. भाचा घरी आहे, जेवतोय. चाकणकर दादांचं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. व्हर्नियरच्या गोष्टीवर तो बराच वेळ गप्प बसला आणि मग "ते दोन पेपर मे मध्ये देतो" म्हणाला. एक गणित आहे, दुसरा थर्मोडायनॅमिक्स.

दाजींबरोबर शाखेत गेलो. मंजुरीपत्रात जमिनीचा उल्लेख नाही, हे मॅनेजरसाहेबांनी स्वतः दाखवलं. दाजींनी ते कागदावर बोट ठेवून दोनदा वाचलं. गावातल्या बोलण्याने त्यांनी फार धास्ती घेतली होती. आता अडलंय ते पत्रावर. मॅनेजर म्हणतात, काय ते लेखी द्या. पण मुलाने अजून कॉलेज सोडलेलं नाही, पदविका घेऊन बाहेर पडायचं की थांबायचं तेही ठरलेलं नाही. मग पत्रात लिहायचं काय?

---

जुना बँकवाला

जे खरं आहे तेच लिहा, एक शब्द जास्त नको. विद्यार्थी आजारी असून उपचार चालू आहेत, तो सध्या घरी आहे, तिसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र पूर्ण झालेलं नाही, राहिलेले विषय मे मध्ये देणार आहे. चौथ्या वर्षाचा १,२०,००० चा हप्ता आमच्या लेखी विनंतीशिवाय कॉलेजला पाठवू नये. हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. हप्ता ऑगस्टमध्ये सवयीने निघून जातो आणि मग परत आणायला फेऱ्या मारत बसावं लागतं. अभ्यासक्रमात बदल झाल्यास पंधरा दिवसांत कळवू आणि परतफेडीचं वेळापत्रक नव्याने ठरवून घेऊ, असं शेवटी लिहा.

"शिक्षण सोडलं आहे" हे शब्द आत्ता कुठेही लिहू नका. ते खरं नाही, आणि त्याने अनुदान आणि परतफेडीची मुदत दोन्हींवर परिणाम होईल. सही मुलाची आणि दाजींची, दोघांची. दोन प्रती काढा, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या.

जमलं तर या महिन्यापासून थोडं थोडं व्याज भरायला लागा. महिन्याला तीन हजार व्याज चढतंय. निम्मं भरलं तरी पुढचं ओझं तेवढं हलकं होतं आणि खातं चांगलं चालू असल्याची नोंद राहते.

---

खडूफळा

असंच पत्र कॉलेजलाही द्या, डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडून, प्राचार्यांच्या नावे. आवक विभागाची पोच घ्या. हजेरीचा प्रश्न निघाला तर हेच पत्र उपयोगी पडेल. राहिलेल्या विषयांचा परीक्षा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्याची मुदत कॉलेजच्या सूचनाफलकावर किंवा पोर्टलवर लागते. भाचा वर्गाच्या ग्रुपवर नसेल तर वर्गातल्या एखाद्या मुलाला रोज बघायला सांगा. मुदत गेली की पेपर थेट पुढच्या परीक्षेत.

थर्मोडायनॅमिक्ससाठी माझ्या नोट्स आहेत, मराठीतून समजावलेल्या. व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवा, उद्या पोस्टाने पाठवते.

---

चाकणकर

गणिताला मी आहे. रविवारी सुट्टी असते, फोनवर बसू दोघं. नंबर निरोपात पाठवलाय.